तळ्यातील नाव आणि ठेक्याचे अर्थकारण

वडोदऱ्याच्या हरणी तळ्यात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती, अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. तळे महापालिकेचे, ठेकेदार खासगी. याला निव्वळ अपघात म्हणणे सोयीचे आहे.

पायडलची छोटी नाव अर्ध्या तासाच्या भाड्याने दिली जाते. तीत एक माणूस वाढल्याने मालकाला काहीच मिळत नाही. माणशी तिकीट लावलेल्या मोठ्या बोटीत मात्र प्रत्येक जादा उतारू हा जवळजवळ निव्वळ नफा, आणि प्रत्येक जॅकेट हा निव्वळ खर्च! सर्वाधिक बोली लावणाऱ्यालाच तळे देण्याची रीत या हिशेबाला आणखी धार लावते. कारण बोलीची रक्कम अखेर उतारूंकडूनच वसूल व्हायची असते.

तेव्हा मागणी नेमकी हवी. भाडे माणशी नव्हे, नावेगणिक ठरावे. जॅकेटे पालिकेच्या मालकीची असावीत, म्हणजे त्यांत काटकसर करण्यात ठेकेदाराला लाभ उरणार नाही. आणि जेथे तळ्यावर मासेमारांची सहकारी संस्था आहे, तेथे नावा चालविण्याचा पहिला हक्क तिचा. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या तळ्याच्या करारनाम्याची प्रत माहितीच्या अधिकाराखाली आधी मागवावी.