लेडी म्हणजे कोण?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. दरवर्षी या दिवशी माझे काम ठरलेले असते, ते म्हणजे अल्पोपाहार. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, “तुम्ही दोन शब्द बोला.” मी म्हटले, दोन कशाला, मी एकाच शब्दावर बोलते. तो शब्द इंग्रजी आहे. सातवी शिकलेल्या बाईने इंग्रजी शब्दावर बोलावे, याचे काहीजणींना हसू येईल. पण हा शब्द आपण सगळ्याच जणी दिवसातून चार वेळा तोंडात घेतो. लेडी. लेडीज डबा, लेडीज टेलर, लेडीज रुमाल, लेडी डॉक्टर. भाजीवाला गिऱ्हाइकाची साडी बघतो आणि भेंडीला ‘लेडीज फिंगर’ म्हणतो. मग भाव दोन रुपयांनी वाढतो, ते वेगळे.

हा शब्द माझ्या डोक्यात का शिरला, ते आधी सांगते. दोन महिन्यांपूर्वीच्या सभेत सभासदत्वाचा एक अर्ज आला होता. आपल्या मागच्या गल्लीत राहून सहा घरी पोळ्या करणाऱ्या मावशींचा. एक भगिनी म्हणाल्या, “बाई चांगल्या आहेत हो, पण आपले हे लेडीजचे मंडळ आहे.” त्यावर कोणी काही बोलले नाही. मीही बोलले नाही. अर्जावर ‘पुढील सभेत विचार’ असा शेरा पडला आणि चहा आला. गेल्या पावसाळ्यात माझा उजवा हात मोडला होता, तेव्हा सहा आठवडे आमच्या घरची कणीक त्याच मावशींनी मळली होती. तरी मी गप्प बसले आणि चहा प्याले.

घरी गेल्यावर धाकटीला विचारले, “लेडी म्हणजे नक्की कोण गं?” ती कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. ती म्हणाली, “आई, लॉर्डची बायको ती लेडी, एवढे काय त्यात!” पण मग तिलाच चैन पडेना. तिने कॉलेजच्या वाचनालयातला जाडजूड कोश उघडला आणि संध्याकाळी उड्या मारीत घरी आली.

भगिनींनो, हा शब्द इंग्रज लोकांत हजार वर्षांहून जुना आहे. त्यांच्या जुन्या बोलीत ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’ तो हाच. त्या ह्लाफला मळणे या अर्थाचा एक शब्द जोडला आणि ‘ह्लॅफडिये’ झाले. ते झिजत झिजत झाले लेडी. म्हणजे लेडीचा मूळ अर्थ, पावाचे पीठ मळणारी! आजचा ‘डो’ म्हणजे मळलेला गोळा, तो याच मुळातला. दूधदुभते सांभाळणाऱ्या चाकर बाईला त्यांच्याकडे ‘डे’ म्हणत, ती राबे ती ‘डेअरी’. तोही शब्द याच मुळातला. थोर घरची लेडी आणि गोठ्यातली डे या शब्दांच्या नात्याने सख्ख्या बहिणी निघाल्या.

लॉर्डचेही तसेच आहे. ‘ह्लाफवेअर्ड’, म्हणजे पावाची राखण करणारा. आणि त्यांच्या घरच्या चाकराला जुन्या कायद्यात शब्द आहे ‘ह्लाफएटा’, म्हणजे पाव खाणारा. एकाने पाव राखायचा, एकीने मळायचा, बाकीच्यांनी खायचा. आपण नाही का म्हणत, ज्याचे मीठ खाल्ले? तसेच हे. आमच्या ह्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग मी लॉर्ड.” मी म्हटले, राखण करता कसली, डबा उघडा टाकून जाता.

पुढे ज्या घरात अन्न मुबलक, त्या घराची मालकीण ती लेडी झाली, आणि मालकिणीच्या हाताचे पीठ सुटले. इंग्लंडच्या मध्यभागी मर्सिया नावाचा मुलूख होता. तेथे एथलफ्लेड नावाची बाई राज्य करीत होती. तिने डेन लोकांविरुद्ध किल्ले बांधले, लढाया केल्या. ९१८ साली ती वारली. तिची पदवी राणी नव्हे, ‘मर्सियनांची लेडी’ अशी होती. आपल्या अहिल्याबाईंची किंवा ताराबाईंची आठवण यावी अशी बाई. पीठ मळणारीचे नाव राज्य करणारीला शोभू लागले होते.

मग त्या पदवीला नियम लागले, आणि ते नियम ऐकाल तर आपल्या सोवळ्याओवळ्याचे नियम सोपे वाटतील. नवऱ्याला ‘सर’ हा किताब मिळाला की बायको आपोआप लेडी, पण तिने आडनावापुढेच लेडी लावायचे. स्वतःच्या नावापुढे लेडी लावायला बाप अर्ल किंवा त्याहून मोठा सरदार हवा. १९८१ साली राजपुत्राचे लग्न झाले तेव्हा आपल्याकडेही ‘लेडी डायना’ हे नाव तोंडोतोंडी होते. ती जन्मतः लेडी नव्हती. १९७५ साली आजोबा वारले, वडील अर्ल झाले, आणि तेरा वर्षांची मुलगी एका दिवसात लेडी डायना झाली. सरदाराच्या धाकट्या मुलाशी लग्न केले तर आणखी मौज. मग नवऱ्याचेच नाव घेऊन मिरवायचे. चर्चिलसाहेबांची आई जेनी, पण ती जगाला ‘लेडी रँडॉल्फ चर्चिल’. रँडॉल्फ हे तिच्या नवऱ्याचे नाव. आपण नाव घेताना निदान उखाणा तरी घेतो.

या सगळ्यात मला एक गोष्ट खटकली. नवरा सर झाला की बायको लेडी, पण बायकोने स्वतः पराक्रम केला तर? १९१७ साली त्यांनी एक नवा मान काढला, त्यात थोर बाईला ‘डेम’ म्हणतात. डेमच्या नवऱ्याला मात्र काही मिळत नाही, तो नुसता मिस्टरच राहतो. अगाथा क्रिस्टी या लेखिकेच्या रहस्यकथा तुमच्यापैकी पुष्कळजणींनी मराठीतून वाचल्या असतील. तिचे पती प्राचीन वस्तूंचे संशोधक. १९६८ साली ते सर झाले, म्हणून ती लेडी मॅलोवन झाली. सगळ्या जगात पुस्तके खपणारी ही बाई, पण तिला आधी किताब मिळाला तो नवऱ्याच्या कामाचा. स्वतःच्या कामाचा डेम हा किताब मिळायला १९७१ साल उजाडले, तेव्हा तिचे वय ऐंशी वर्षे होते.

दरम्यान हा शब्द राजवाड्याच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आला. व्यापारधंद्याने पैसा आलेल्या घरांना वाटू लागले की आपल्याही बायका लेडी आहेत. पण त्यांच्या लेखी लेडी कोण? जिला काम करावे लागत नाही ती! म्हणजे पीठ मळणारीच्या नावाचा अर्थ हाताला पीठ न लागलेली असा झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या घरच्यांनी तिला कितीतरी वर्षे परिचारिकेचे काम करू दिले नाही, कारण ते लेडीला शोभत नाही. १८५४ साली ती युद्धातल्या जखमी शिपायांची सेवा करायला गेली आणि रात्री हातात दिवा घेऊन फिरली. मग त्याच लोकांनी तिचे नाव ठेवले ‘लेडी विथ द लँप’. तिला कुठली पदवी नव्हती, नवराही नव्हता. मला हे फार आवडले.

आजच्या रोजच्या इंग्रजीत तर लेडी कुठेही भेटते. शाळेत मुलांना जेवण वाढणारी ‘डिनर लेडी’, कचेरीत चहा देणारी ‘टी लेडी’, घर झाडणारी ‘क्लीनिंग लेडी’, खोली भाड्याने देणारी ‘लँडलेडी’. अमेरिकेत घरदार नसलेली, सगळा संसार पिशव्यांत भरून रस्त्यावर फिरणारी एखादी म्हातारी दिसली तर तिला ‘बॅग लेडी’ म्हणतात. मुलगी उशिरा घरी आली की आई दरडावते, “यंग लेडी!” आपण नाही का म्हणत, “या महाराणी”? तीच तऱ्हा. उलट अनोळखी बाईला कोणी नुसते “ए लेडी” म्हटले तर तो अपमान होतो. एकच शब्द, मान द्यायला आणि मान काढायलाही. सुरावर सगळे आहे.

आणि लॉर्ड? ‘क्लीनिंग लॉर्ड’ कुणी ऐकला आहे का? घरमालकाला लँडलॉर्ड म्हणतात, पण तो मालकच. झाडूवाल्याला, चहावाल्याला लॉर्ड कोणी म्हणत नाही. बाईचा शब्द खाली उतरून सगळ्यांचा झाला, पुरुषाचा वरच बसून राहिला. यावर धाकटीचे आणि माझे जमले नाही. ती म्हणते, बायकांच्या शब्दांची किंमतच घसरते. मी म्हणते, घसरली असे का म्हणावे, वाटली गेली असे म्हणावे. हल्ली तिकडच्या पुष्कळ शिकलेल्या बायकांना ‘लेडी डॉक्टर’ हा शब्दही रुचत नाही. त्यांचे म्हणणे, जंटलमन डॉक्टर कोणी म्हणते का? मग आम्ही नुसत्या डॉक्टर का नाही? हे मात्र मला पटले. तरी एक आठवण ठेवायला हवी. १८८५ साली व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन यांच्या नावे बायकांच्या औषधोपचारासाठी फंड निघाला. त्या काळी पुरुष डॉक्टरला नाडीही न दाखवणाऱ्या कितीतरी बायका होत्या. त्यांना ‘लेडी डॉक्टर’ हे शब्द ऐकून केवढा धीर आला असेल!

आपल्या मुंबईतली गोष्ट सांगते. माहीमच्या एल. जे. रोडवरून मी लग्न होऊन आल्यापासून जाते येते. एल. म्हणजे लेडी, हे मला यंदा कळले. लेडी जमशेटजी रोड. त्यांचे नाव अवाबाई. पती जमशेटजी जिजीभाई १८४२ साली सर झाले म्हणून त्या लेडी झाल्या. पण माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती, होडीने जावे लागे. तिच्यावर रस्ता बांधायला अवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले, त्या काळचे. पदवी नवऱ्याची असेल, रस्ता त्यांचा. तशाच लेडी प्रेमलीला ठाकरसी. पती सर विठ्ठलदास यांनी अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले.  पुढे प्रेमलीलाबाईंनी ते काम अंगावर घेतले आणि १९५१ साली त्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली, त्यात असे किताब बंद झाले. आता आपल्या देशात सरकारदरबारची नवी लेडी होत नाही. राहिली ती लोकलच्या डब्यावरची. तिथे कोळीण असो की कचेरीतली मोठी साहेबीण, डब्याला सगळ्या सारख्याच लेडीज. चौथी सीट सगळ्यांनाच मागावी लागते.

आता आपल्या ‘बाई’ शब्दाचे बघा. अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, जिजाबाई. शाळेत शिकवणाऱ्या त्या बाई. मी माझ्या बाईंना अजून वाकून नमस्कार करते. आणि त्याच तोंडाने आपण म्हणतो, “आज बाई आली नाही, भांडी पडली आहेत.” एकीकडे अनेकवचन, दुसरीकडे एकवचन. मीही असेच म्हणत आले आहे. शब्द तोच, पण आपण त्याला दोन पाट मांडले आहेत, एक आत आणि एक बाहेर.

त्या सभेतल्या भगिनींबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या माझ्या मैत्रीण आहेत, आणि माझा हात मोडला तेव्हा भाजी त्यांच्याकडूनच येत होती. त्यांनी इंग्रजी शब्द वापरला, म्हणून मी त्याचा अर्थ शोधला, एवढेच. कोशाप्रमाणे पाहिले तर आपल्या वस्तीत सकाळी पाच वाजल्यापासून सहा घरची कणीक मळणारी एकच बाई आहे. आपण बाकीच्या आपापल्या घरापुरत्या. काहीजणी तर आता तयार पोळ्याच आणतो.

परवा मी मावशींकडे गेले आणि त्यांना हे सगळे सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अहो वहिनी, मला भजनाला बसायचे आहे म्हणून अर्ज दिला. लेडीबिडी कशाला?” मग म्हणाल्या, “पण वर्गणी मी वेळेवर देईन, तेवढे सांगा त्यांना.” ते मी सांगते आहे.

चिटणीसबाईंकडून मी तो अर्ज मागून आणला आहे. सूचक म्हणून खाली मी सही केली. दोन महिन्यांपूर्वीच करायला हवी होती. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. अर्ज माझ्या पिशवीत आहे आणि पेनही आहे. कार्यक्रम संपल्यावर मी त्या कोपऱ्यात, उपम्याच्या पातेल्याजवळ उभी असेन.