शिखर-विजेचा धूर आणि शेतकऱ्याची रात्र

(पिंपळी, ता. बारामती येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा संक्षेप)



विजेचा व्यवहार इतर मालासारखा नाही. ज्वारी कणगीत भरून ठेवता येते. वीज मात्र बहुतांशी लागेल त्याच क्षणी निर्माण करावी लागते. संध्याकाळी घरोघर दिवे-पंखे सुरू झाले की मागणी काही तासांपुरती उसळी घेते. या शिखर-मागणीची सोय कोणी आणि कोणाच्या खर्चाने करायची, हा प्रश्न दिसायला तांत्रिक असला तरी मुळात वर्गीय आहे.

महाराष्ट्राने त्याचे ओझे दीर्घकाळ शेतकऱ्याच्या माथी मारले. तुटवड्याच्या वर्षांत कृषिपंपांचा पुरवठा तोडणे हाच सर्वांत सोपा उपाय ठरला आणि पंपांना रात्रीची पाळी आली. बॅटरीच्या उजेडात, साप-विंचवाच्या भीतीत उसाला दारे धरणारा शेतकरी हेच या राज्याचे खरे शिखर-वीजकेंद्र होते. त्याच्या झोपेची किंमत कोणत्याही दरपत्रकात लागली नाही.

शहराला मात्र दुसरा मार्ग मिळाला. २००६ साली पुण्यात अशी योजना आली की, कारखान्यांनी आपली डिझेल जनित्रे चालवावीत, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळावी आणि जादा खर्च शहरातील ग्राहकांनी वेगळ्या आकारातून भरावा. राज्य वीज नियामक आयोगाने तिला मान्यता दिली. शहराचे भारनियमन टळले. खेड्यांचे टळले नाही. ज्याच्या खिशात पैसा त्याच्या घरात उजेड, हे तत्त्व त्या दिवशी अधिकृत झाले. डिझेलच्या धुराचा हिशेब कोणी मागितला नाही.

आता डिझेलऐवजी नैसर्गिक वायूवर चालणारी छोटी शिखर-केंद्रे हा स्वच्छ पर्याय म्हणून पुढे केला जातो. त्यात तथ्य आहे. वायूच्या ज्वलनात राख नाही, गंधक जवळजवळ नाही, आणि कोळशाच्या तुलनेत प्रत्येक युनिटमागे कर्बवायू साधारण निम्म्याने कमी. वायूचे टर्बाइन काही मिनिटांत पूर्ण भार घेते. कोळशाच्या बॉयलरला थंड अवस्थेतून उठायला कित्येक तास लागतात.

परंतु गोम तेथेच आहे. शिखर-केंद्रे बहुधा साध्या चक्रावर चालतात, म्हणजे टर्बाइनमधून निघणारी उष्णता हवेत सोडली जाते. संयुक्त चक्राचे केंद्र इंधनातील निम्म्याहून अधिक उष्णतेची वीज करते, तर साधे चक्र जेमतेम एक-तृतीयांशाची. शिवाय यंत्र सुरू होताना आणि कमी भारावर चालताना ज्वलन अपुरे होते. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक तापलेले नसते. त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे व कार्बन मोनॉक्साइड नेमके त्याच मिनिटांत अधिक बाहेर पडतात. दिवसातून दोनदा सुरू होऊन बंद पडणाऱ्या यंत्राची वार्षिक सरासरी निर्दोष दिसेल; शेजारच्या वस्तीची फुप्फुसे सरासरीवर श्वास घेत नाहीत. नळातून गळणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या ऐंशीपटीहून अधिक तापदायक, तो वेगळाच.

इंधनाचे परावलंबन हा दुसरा धडा महाराष्ट्राने महागात घेतला आहे. उरणचे ६७२ मेगावॉटचे सरकारी केंद्र पुरेशा वायूअभावी वर्षानुवर्षे अर्धपोटी राहिले. दाभोळला एन्रॉनशी झालेल्या करारात वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार भरणे भाग होते. २००१ साली ते केंद्र बंद पडले. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारला वीज कायद्याचे ११ वे कलम वापरून वायुकेंद्रे चालू ठेवण्याचा आदेश काढावा लागला. क्षमता देशात होती. परवडणारा वायू नव्हता.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ऑक्सनार्ड नावाचे शेतमजुरांचे शहर आहे. तेथे समुद्रकाठी २६२ मेगावॉटचे नवे वायू-शिखर-केंद्र येणार होते. रहिवासी संघटित झाले, पर्यायांचा हिशेब मागितला, आणि २०१८ साली प्रस्ताव मागे घेतला गेला. त्या परिसरात विद्युतघटांचे साठवण-केंद्र उभे राहिले. तंत्रज्ञान तयार होते. ते निवडायला लोकांचा रेटा लागला.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. २०१७ पासून राज्यात कृषी-वाहिन्यांसाठी सौर प्रकल्पांची योजना आहे. तिचा लाभ गावोगाव दिवसाच्या पुरवठ्यात उतरतो की नाही, हे महावितरणला विचारले पाहिजे. पंप दिवसा सूर्यावर चालले तर संध्याकाळचे शिखरही काही अंशी उतरते. उरलेल्यासाठी पहिला मान घाटघरसारख्या उदंचन जलविद्युत केंद्रांना आणि विद्युतघटांना. वायू शेवटचा उपाय म्हणून. छोटे वायुकेंद्र आलेच तर त्याचे उत्सर्जन तासागणिक, सुरू होण्याच्या मिनिटांसह मोजून ग्रामसभेपुढे ठेवले गेले पाहिजे आणि करारात न घेतलेल्या विजेचा भार जनतेवर टाकता कामा नये.

शिखरावरची वीज शहराला आणि तिचा धूर व अंधार खेड्याला, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. माणसांनी केलेली वाटणी माणसांना बदलता येते.