आडनाव सांगितल्यावर काय बदलतं?

कुणी बसमध्ये असाल, कुणी लोकलमध्ये, कुणी भांडी घासता घासता ऐकत असाल. आजचा विषय थोडा अवघड आहे, पण आपल्या रोजच्या कामाचा आहे: ऑफिसमधला भेदभाव.

आमच्या आयटीत एक वाक्य सगळ्यांना पाठ असतं: ‘इथे फक्त टॅलेंट बघतात.’ ठीक आहे. मग नवीन मुलगा टीममध्ये आला की पहिल्याच लंचला हे प्रश्न का येतात? ‘पूर्ण नाव काय रे?’ ‘गाव कुठलं?’ ‘सीईटीला किती होते?’ आणि मग हळूच, ‘कॅप राउंडला कुठल्या कॅटेगरीतून?’

माझ्या एका मित्राला हेच विचारलं गेलं. त्याने खरं काय ते सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी ओरडलं नाही. पण पुढच्या रिलीजपासून क्लायंट कॉलला त्याचं नाव येणं बंद झालं. मॅनेजरला विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तुझं कम्युनिकेशन अजून थोडं सुधारायला हवं.’ आधीचे चार महिने तेच कम्युनिकेशन चालत होतं! आता सांगा, हा पुरावा म्हणून कुठे दाखवणार?

इथेच सगळं अडतं. एका माणसाच्या बाबतीत भेदभाव सिद्ध करणं म्हणजे रिप्रोड्युस न होणारा बग शोधण्यासारखं आहे. प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी कारण देता येतं.

मग हे मोजायचं कसं? आपण ज्याला ए/बी टेस्ट म्हणतो, तशीच एक टेस्ट आपल्या देशात झालेली आहे. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा हा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये छापून आला. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नाव वेगळं. उच्चवर्णीय हिंदू वाटणाऱ्या नावाला मुलाखतीचं बोलावणं येण्याचे ऑड्स १ धरले, तर दलित वाटणाऱ्या नावाला ते ०.६७ निघाले आणि मुस्लिम नावाला ०.३३. अजून कुणी समोर बसून बोललेलंही नव्हतं. फक्त कागदावरचं नाव वाचलं होतं.

कुणी म्हणेल, मग माणसाला काढा आणि मशीनला निवडू द्या. अ‍ॅमेझॉनने तेही करून पाहिलं. २०१४ पासून त्यांची एक टीम रेझ्युमेला गुण देणारं टूल बनवत होती. ते आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर शिकलं आणि त्यातले बहुतेक अर्ज पुरुषांचे होते. मग टूलने काय शिकावं? रेझ्युमेत महिलांच्या क्लबचा वगैरे उल्लेख दिसला की गुण कमी! शेवटी कंपनीने तो प्रोजेक्ट बंद केला. २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली. म्हणजे जुना डेटा भेदभावाचा असेल, तर मॉडेल तोच भेदभाव शिकणार, आणि वर आपण म्हणणार की हे कॉम्प्युटरने ठरवलंय.

आता कायद्याकडे येऊ. संविधानाचं कलम १६ समान संधी देतं, पण ते सरकारी नोकरीपुरतं आहे. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, हे लक्षात ठेवा. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. २०१९ च्या कायद्याने ट्रान्सजेंडर व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आहे आणि तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आहे. जातीवरून अपमान, छळ झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे.

पण खासगी कंपनीने नोकरी देताना, प्रमोशन देताना जात-धर्म बघू नये, असं थेट सांगणारा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. माझ्या मित्राची अडचण नेमकी या फटीत आहे. त्याचा कुणी अपमान केला नाही, फक्त संधी हळूहळू काढून घेतली.

मग आपण काय करायचं? आपल्यापैकी बरेच जण आता इंटरव्ह्यू पॅनलवर बसतात. तिथून सुरुवात करू.

एक, पहिल्या चाळणीत नाव आणि फोटो झाका. एका छोट्या स्क्रिप्टचं काम आहे.

दोन, सगळ्यांना तेच प्रश्न विचारा आणि चर्चेआधी प्रत्येकाने आपापले गुण लिहून ठेवा. नाहीतर सीनियर बोलला की बाकीचे माना डोलावतात.

तीन, ‘कल्चर फिट नाही’ असं कुणी म्हणालं की विचारा, ‘म्हणजे नक्की काय?’ उत्तर लेखी मागा.

चार, ज्याच्याबाबतीत हे घडतंय त्याने तारखा, मेल, कॉलची यादी लिहून ठेवावी. आज एकेक गोष्ट किरकोळ वाटेल, पण सहा महिन्यांची नोंद एकत्र दिसली की चित्र स्पष्ट होतं.

आणि पाचवं, सगळ्यात सोपं. लंचला कुणी ‘कॅटेगरी कुठली?’ विचारलं, तर ज्याला विचारलंय त्यालाच एकट्याला उत्तर द्यायला लावू नका. शेजारी बसलेल्याने म्हणावं, ‘अरे, त्याचं काय करायचंय? जेव ना.’ एवढं बोलायला कुठलाही कायदा लागत नाही.

तुमच्या ऑफिसमध्ये काय चालतं ते मला व्हॉइस नोटवर जरूर कळवा. कंपनीचं नाव नको, फक्त काय झालं ते सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!