साके आणि बायकांना बंद झालेलं दार

जपानमध्ये तांदळापासून साके नावाचं मद्य करतात. वाफवलेला भात उबदार खोलीत पसरायचा, त्यावर कोजी बुरशीचे बीजाणू भुरभुरायचे आणि रात्री-अपरात्री उठून तो हाताने मोकळा करायचा. बुरशी भातातल्या पिष्टाची साखर करते, यीस्ट त्या साखरेचं मद्य. भात किती तापलाय, हे बोटांना कळावं लागतं.

एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून पुढे, ही विद्या पुरुषांच्या हाती गेली. शेतकरी हिवाळाभर मद्यशाळेतच मुक्काम करत. त्यांचा मुख्य कारागीर म्हणजे तोजी. बायकांना आत पाऊल टाकायची बंदी होती. त्यामागचं एक कारण विटाळाचं. ते काय असतं, हे आपल्याकडे समजावून सांगायला नको. मनाला लागतं ते वेगळंच: त्याआधी साके करण्याचं काम मुख्यतः बायकाच करत होत्या! ज्यांची विद्या, त्यांनाच उंबऱ्याबाहेर ठेवलं गेलं.

पुढे हंगामी कारागीर मिळेनासे झाले, काळही बदलला. आज जपानात स्त्रिया तोजी आहेत. 2024 मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा पूर्वीच्या त्या बायकांची नोंदही घेतली.