घर बघायला कोण जातं?

(मनीषनगर, नागपूर येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय 'घर घेण्यापूर्वी इमारतीची तपासणी' असा कळवला, तेव्हा एकदोघींनी विचारलं, हा तर इंजिनिअरचा विषय, बायकांच्या बैठकीत कशाला? मी इंजिनिअरही आहे आणि बाईही आहे, म्हणून उत्तर मीच देते.

घरातल्या हक्कासाठी आपण पुष्कळ झगडलो. १९९४ साली महाराष्ट्रात हिंदू एकत्र कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा मिळाला, २००५ साली तो देशभर लागू झाला. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. कागदावर नाव लागू लागलं. पण ज्या घराला आपलं नाव लागणार, ते घर धड उभं आहे का, हे बघायचं कोणी?

फ्लॅट बघायला माणसं जातात तेव्हा पुढे कोण असतं? नवरा, दीर, भाऊ आणि दलाल. भाव, रस्ता, पार्किंग यांवर ते बोलतात. बाईला म्हणतात, 'तू ओटा बघून घे.' पुढे छत गळू लागलं की बादल्या लावायच्या तिनं, भिंतीवरची बुरशी पुसायची तिनं, ओलीनं खोकणाऱ्या लेकराला घेऊन रात्र काढायची तिनंच. आणि पैशाचं म्हणाल, तर सुरुवातीच्या रकमेत अनेकदा तिचे दागिने असतात, हप्त्यात तिचा पगार असतो. एकटीनं राहणारी असेल तर आयुष्यभराची पुंजीच त्यात असते.

आपल्याला वाटतं, वकिलानं बघितलं, बँकेनं बघितलं, मग काळजी कसली? वकील बघतो तो मालकीचा कागद. बँकेचा माणूस येतो तो आपलं कर्ज बुडालं तर या घरातून किती वसूल होईल, हे ठरवायला. दोघांचंही काम गरजेचं आहे. पण कॉलम पोकळ वाजतो का, हे त्या दोघांपैकी कुणीच ठोकून बघत नाही.

आता आपल्या भागाविषयी. मनीषनगर, बेसा, हा सगळा पट्टा शेतांवर ले-आउट पडून वाढला. नागपूरच्या बऱ्याच भागात काळी कापसाची माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून भेगाळते. पाया या मातीतच थांबवला, खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेला नाही, तर दर वर्षी घर थोडं उचललं जातं आणि थोडं खचतं. भिंती तडकतात त्या म्हणून.

प्रत्येक तड्याला घाबरायचं कारण नाही. गिलाव्यावरचं केसासारखं जाळं बहुधा वरवरचं असतं. वीट आणि कॉलम यांच्या सांध्यातली सरळ रेघही अनेकदा साधीच निघते. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत जाणारी भेग दिसली तर थांबा. ती पाया हलल्याची खूण असू शकते. बीम-कॉलमवर सळईच्या रेषेत तडा असेल आणि त्यातून तांबूस डाग उतरला असेल, तर आतलं लोखंड गंजतं आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. त्यावर पुट्टी-रंग मारला की डाग झाकतो, गंज थांबत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका शिक्षिकेबरोबर असाच एक जुना फ्लॅट बघायला गेले होते. सगळं घर जुन्या रंगाचं, आणि फक्त न्हाणीघरामागची भिंत ताजी रंगवलेली. मालक म्हणाले, 'मॅडम, साहेबांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो.' बाई म्हणाल्या, 'साहेब नाहीत. मलाच समजावा.' भिंत ठोकली तर गिलावा पोकळ वाजला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्यांच्या छताचे पोपडे वर्षभर पडत होते. पूर्ण तपासणी झाली, दुरुस्तीचा खर्च निघाला, आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मगच बाईंनी सही केली.

तेव्हा स्वतः बघायला जा. एकदा दिवसा, एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर. गच्चीवर चढा, पाणी साचल्याच्या खुणा बघा. पार्किंगमधले कॉलम बघा. रंगकाम तिथे सहसा कमी असतं आणि भार सगळा तिथेच येतो. मंजूर नकाशा मागा आणि जागेवर ताडून पाहा. पार्किंगमध्ये खोली निघाली आहे का? कुणी भिंत पाडून हॉल मोठा केला आहे का? भोगवटा प्रमाणपत्र मागा. ले-आउटमधलं घर असेल तर सुधार प्रन्यासचं नियमितीकरण पत्र, ज्याला आपण आर. एल. म्हणतो, ते मागा. खालच्या-वरच्या बायकांशी बोला. कुठे गळतं ते त्यांना पाठ असतं.

यानंतर स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर लावा. विकणाऱ्यानं किंवा दलालानं सुचवलेला नको. तो आधी डोळ्यांनी बघेल. शंका आली तर हातोड्यासारख्या यंत्रानं काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता मोजेल, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधेल. अहवाल लेखी घ्या. आणि इसार देतानाच करारात लिहून घ्या, की तपासणीत गंभीर दोष निघाला तर इसार परत मिळेल.

खर्चाचं काय? १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ही अट २०२३ साली निघाली. चाळीस लाखांच्या फ्लॅटवर ही सवलत चाळीस हजारांची होते. तपासणीचे पैसे त्यातूनच बाजूला काढा.

कायदा मदतीला आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर बिल्डरनं तीस दिवसांत तो फुकट दुरुस्त करायचा असतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या स्कीमला रेरा नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्या गल्लीबोळातल्या स्कीम अशाच लहान असतात. तिथे १९६३ च्या मोफा कायद्याची तीन वर्षांची मुदत धरा. जुना फ्लॅट मालकाकडून घेताना तर आधार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचा. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि साधारण काळजी घेऊनही आपल्याला न दिसणारा दोष त्यानं सांगायलाच हवा, असं तो म्हणतो. म्हणजे जो दोष सहज दिसला असता, तो बघण्याची जबाबदारी आपली!

नवी इमारत म्हणून निर्धास्त राहू नका. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसं गेली. ती काही पन्नास वर्षांची जुनाट इमारत नव्हती.

शेवटी एकच सुचवते. आपल्यापैकी कुणी घर बघायला निघाली की दुसरीनं तिच्यासोबत जावं. पिशवीत बॅटरी, छोटी हातोडी, वही-पेन आणि मंजूर नकाशाची प्रत असावी. 'साहेबांना आणा' असं कुणी म्हटलं, तर दोघींनी मिळून सांगावं, घर आम्ही घेतो आहोत, काय ते आम्हाला दाखवा. ज्यांचा व्यवहार सध्या चालू आहे त्यांनी सभा संपल्यावर कागद घेऊन थांबावं, आपण बसून बघू.