दहा श्वासांना एक मणी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला तो असा: 'अभियांत्रिकी रचना आणि वैद्यकीय निदान यांतलं नवं संशोधन'. वेळ दिली वीस मिनिटं. एका दुपारात अख्खं ताडोबा बघून या, असं सांगण्यासारखंच हे झालं. त्यामुळे मी एकच धागा धरतो, आणि तो आपल्याच भागातला धरतो.

माझं रोजचं काम 'डिझाइन ऑप्टिमायझेशन'चं. मराठीत याला इष्टतमीकरण म्हणतात, पण तो शब्द म्हणताना माझीच जीभ अडखळते. साधं सांगायचं तर, एखादी वस्तू अनेक प्रकारे बनवता येते, त्यातला सगळ्यात चांगला प्रकार गणिताने शोधायचा. त्यासाठी दोन गोष्टी आधी कागदावर लिहाव्या लागतात. एक, 'चांगलं' म्हणजे काय: वजन कमी, किंमत कमी की आयुष्य जास्त? दुसरी, कोणत्या अटी मोडायच्या नाहीत. बाकीचं संगणक करतो, आणि हल्ली फार वेगाने करतो. 1988 साली बेंडसो आणि किकुची या दोघांनी एक पद्धत मांडली. धातूच्या ठोकळ्यातून जिथे भार येत नाही तिथला धातू गणिताने काढून टाकायचा. त्यातून निघणारे आकार झाडाच्या फांद्यांसारखे किंवा हाडांसारखे दिसतात. आज मोटारीपासून विमानापर्यंत ही पद्धत वापरली जाते.

पण गंमत अशी की, संगणक तुम्ही लिहिलेल्या अटीच पाळतो, न लिहिलेल्या पाळत नाही. समजा, इंजिनाजवळचा एक ब्रॅकेट हलका करायचा आहे. दुरुस्ती करणारा मेकॅनिक वर चढताना त्यावर पाय ठेवतो, हे तुम्ही लिहिलंच नाही, तर संगणक नेमका पाय ठेवायच्या जागचा धातू काढून टाकेल. उत्तर गणिताने शंभर टक्के बरोबर असेल आणि मेकॅनिक खाली पडेल. आमच्या क्षेत्रात बुद्धीचा कस लागतो तो गणित सोडवण्यात कमी, अटी लिहिण्यात जास्त.

अटी नीट लिहिलेल्या रचनेचं एक उदाहरण मला फार आवडतं. ते जर्मनीतलं नाही, जपानचं नाही, वैनगंगेच्या पलीकडचं आहे. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत गडचिरोली आपल्याच जिल्ह्यात होतं. वेगळं झाल्यावर चारच वर्षांनी, 1986 मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. राणीताई मूळच्या आपल्या चंद्रपूरच्या, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक आहेच. त्यांच्या कामाबद्दल आपण सन्मानांच्या बातम्यांमधून वाचतो. मला आज त्यांच्याकडे मोजमाप शास्त्रातले लोक म्हणून बघायचंय.

प्रश्न होता लहान मुलांच्या न्यूमोनियाचा. हा आजार मूल पटकन नेतो, पण वेळेत ओळखला तर स्वस्त औषधाने बराही होतो. ओळखायचा कसा? पुस्तकात उत्तर होतं स्टेथोस्कोप आणि छातीचा एक्स-रे. भर पावसात नाले भरलेले, रस्ता बंद, बाळ घरात, आणि एक्स-रे जिल्ह्याच्या गावी. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान या डॉक्टरांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला याच अडचणीवर काम केलं होतं. फुप्फुसात सूज आली की ते ताठर होतं, एका श्वासात हवा कमी जाते, म्हणून मूल भराभर श्वास घेतं. तेव्हा श्वास मोजा, असं ते म्हणाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा आज अशा आहेत: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त.

बंग दांपत्याने हे गावात नेलं. 58 गावांत गावातलेच आरोग्यसेवक, दाया आणि निमवैद्यकीय कार्यकर्ते यांना न्यूमोनिया ओळखायला आणि तोंडाने द्यायचं प्रतिजैविक द्यायला शिकवलं. तुलनेसाठी 44 गावं नेहमीच्या व्यवस्थेवर ठेवली. 1990च्या जुलैमध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आला. या व्यवस्थेतून उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत मृत्यूचं प्रमाण 0.8 टक्के होतं, तुलनेच्या भागात 13.5 टक्के. शंभर आजारी मुलांतली तेरा जायची, तिथे एखादंच जाऊ लागलं. आकडे मी सहज बोलून गेलो, पण त्यातला फरक म्हणजे माणसं आहेत. आज ती पस्तिशी-चाळिशीची असतील.

आता माझ्या आवडीचा भाग. दाईचे हात अनुभवी, नजर तयार, पण अनेकींना अक्षरओळख नाही, हातात घड्याळ नाही, आणि पन्नास-साठपर्यंत न चुकता मोजण्याची सवय नाही. एकीकडे बाळाच्या पोटाकडे बघायचं, दुसरीकडे सेकंदकाट्याकडे; हे शिकलेल्या माणसालाही जमत नाही, घरी नातवंडावर करून बघा. या अडचणीतून एक छोटं उपकरण तयार झालं. त्याचं वर्णन 1992 मध्ये प्रसिद्ध झालं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी, आपल्या पाटीवर असायचे तसे. मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्या बाळासाठी, एक मोठ्या मुलासाठी. वाळू उलटी करायची, दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया समजायचा. तान्ह्याच्या ओळीत लाल मणी सहावा, म्हणजे साठ श्वास. मोठ्याच्या ओळीत पाचवा, म्हणजे पन्नास. मर्यादा बदलली, तर लाल मणी पुढेमागे करायचा. यंत्र तेच.

इंजिनिअरच्या नजरेने हे बघा. प्रयोगशाळेतला माणूस म्हणेल, दहा-दहाच्या टप्प्याने मोजणारं यंत्र फारच ओबडधोबड. बाळाचा श्वास 31 आहे की 39, हे ते सांगू शकत नाही. खरंय. पण दाईला तो आकडा करायचाय काय? तिला एकच ठरवायचंय, औषध द्यायचं की नाही. जिथे निर्णय बदलतो, त्या एका जागी हे यंत्र नेमकं एका श्वासापर्यंत अचूक आहे. बाकी सगळीकडे त्याने अचूकता सोडून दिली, आणि त्या बदल्यात वीज, बॅटरी, अंक, अक्षर, सगळ्यांतून सुटका करून घेतली. अचूकता कुठे खर्च करायची, हे इतक्या स्वच्छपणे ठरवलेली रचना माझ्या पाहण्यात फार थोडी आहे.

पूर्ण मिनिट मोजण्यालाही कारण आहे. घाईत पुष्कळजण पंधरा सेकंद मोजतात आणि चारने गुणतात. बाळाचा खरा वेग 48 असेल तर पंधरा सेकंदांत बारा श्वास भरतात. एक जास्त मोजला गेला, तर आकडा एकदम 52. पन्नासची रेषा ओलांडली, औषध सुरू. पूर्ण मिनिटात तीच एका श्वासाची चूक 49 दाखवते. गणिताच्या सरांना हे सांगायला नको. चूक चारने गुणली जाते, हे त्यांनी आपल्याला कान पिळूनच शिकवलंय.

जपानच्या गेनिची तागुची यांनी हाच विचार कारखान्यात मांडला होता. 1950च्या दशकातली टाइल्स बनवणाऱ्या कारखान्याची गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळे सांगतात. भट्टीत उष्णता सगळीकडे सारखी नसायची, म्हणून टाइल्सचं माप कमी-जास्त यायचं. भट्टी बदलणं महाग. म्हणून त्यांनी मिश्रणातला चुना वाढवला, आणि टाइल्सवर उष्णतेच्या फरकाचा परिणामच कमी झाला. भद्रावतीला ग्रामोदय संघाची भट्टी पाहिलेल्यांना ही गोष्ट लगेच पटेल. परिस्थिती सुधारेपर्यंत थांबायचं नाही, वस्तूच अशी करायची की वाईट परिस्थिती तिला बाधणार नाही. गडचिरोलीत 'भट्टी' म्हणजे पाऊस, अंधार, रडणारं मूल.

इथे डॉक्टर मित्रांचा एक आक्षेप येतो, आणि तो बरोबर आहे. ताप आला तरी श्वास वाढतो, रडलं तरी वाढतो. म्हणजे न्यूमोनिया नसलेल्या काही मुलांना औषध जाणारच. उगाच दिलेल्या प्रतिजैविकाची किंमत समाज पुढे चुकवतो. जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. ही किंमत शून्य धरणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण रेषा वर नेली तर खरे आजारी निसटतात, खाली आणली तर निरोगी सापडतात. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी रेषा अस्तित्वातच नाही. कोणती चूक किती महाग, हे माणसालाच ठरवावं लागतं. दवाखाना कोपऱ्यावर असलेल्या पुण्यात उत्तर एक येईल, नाल्यापलीकडच्या गावात दुसरं. गणित तेच राहील.

पुढे सर्चने नवजात बाळांवर काम केलं. 1999च्या 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, आणि 2011 पासून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेणं हे देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झालं. त्यातला जंतुसंसर्ग ओळखण्याचा भाग मला विशेष वाटतो. रक्ततपासणीशिवाय, साध्या लक्षणांवरून. आधी नीट रडत होतं, आता रडणं क्षीण झालं. आधी चांगलं ओढत होतं, आता ओढत नाही. आई म्हणते, अंग थंड लागतं. अशा सात लक्षणांपैकी दोन एकदम दिसली की उपचार करायचा. यात 'आधी' आणि 'आता' हे शब्द बघा. प्रत्येक बाळाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली आहे. आणि आईच्या तळहाताला तापमापकाचा दर्जा दिलाय. आमच्याकडे सेन्सर कॅलिब्रेट करायला लाखो रुपये मोजतात. इथे तो आईच्या हाताला मुळातच केलेला असतो.

कॅलिब्रेशन निघालंच, म्हणून सांगतो. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला. 1970च्या दशकात ताकुओ आओयागी यांच्या कल्पनेतून आलेलं ते खरोखर अप्रतिम यंत्र आहे. पण 2020च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र 92 ते 96 टक्के ऑक्सिजन दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष 88 टक्क्यांहून कमी निघाला, असं गोऱ्या रुग्णांच्या मोजण्यांत 3.6 टक्के वेळा घडलं होतं, तर कृष्णवर्णीयांच्या मोजण्यांत 11.7 टक्के वेळा. प्रकाश त्वचेतून जातो, आणि सगळ्या रंगांची त्वचा तपासून बघायची ही अट पुरेशी लिहिली गेली नव्हती. भामरागडच्या माडिया बाळाच्या बोटाला हे यंत्र लावण्याआधी हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. मेकॅनिकचा पाय आठवला ना?

आता श्वास आपोआप मोजणारी यंत्रंही आली आहेत, पोटाला पट्टा बांधायची आणि कॅमेऱ्याने बघणारीसुद्धा. मी त्यांच्या विरोधात नाही. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजणं किती कठीण, हे आशाताईंना विचारा. दोन प्रशिक्षित माणसं एकाच मुलाचे वेगवेगळे आकडे सांगतात. पण यंत्राला आकडा पकडता आला नाही आणि पडदा कोराच राहिला, तर त्या ताईंनी काय करायचं? चार्जिंग संपलं तर? मणी सरकवताना तिची नजर पूर्ण मिनिटभर बाळावर असते. छाती आत ओढली जातेय का, ओठ निळे पडलेत का, हे त्या मिनिटातच दिसतं. यंत्राने तिची नजर पडद्याकडे वळवली, तर काही मिळालं आणि काही गेलं. याचा हिशोब कुठल्याही माहितीपत्रकात नसतो.

इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं कधीकधी प्रकल्पासाठी फोन करतात. "सर, आरोग्यासाठी काहीतरी करायचंय, कोणता सेन्सर घेऊ?" मी त्यांना पहिल्या पानावर सेन्सरचं नाव लिहू देत नाही. तिथे मोजणारी कोण, बाळ कुणाच्या मांडीवर आहे, उजेड किती, आणि आकडा आल्यावर नेमका कोणता निर्णय बदलणार, एवढंच लिहून आणायला सांगतो. अर्धी मुलं परत फोन करत नाहीत. उरलेल्या अर्ध्यांचं काम चांगलं असतं.

मागे चहाची तयारी दिसतेय. त्या टेबलावर मी वाळूचं एक घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी ठेवले आहेत, घरीच केलेले, त्यामुळे दिसायला बेताचे. आपल्यापैकी ज्यांची नातवंडं सोबत आली आहेत आणि आता पेंगायला लागली आहेत, त्यांनी बाळाला मांडीवर घेऊन एकदा पूर्ण मिनिट मोजून बघा. एकाने मोजायचं, एकाने मणी सरकवायचा, असं चालणार नाही. दोन्ही एकट्यानेच करायचं. आणि तेवढा वेळ आपल्या बॅचने जरा शांत बसायचं, हे आपल्याला शाळेत कधी जमलं नव्हतं तरी.