जहाजावरचं ‘येस सर’



चार देशांच्या माणसांकडून तू काम करून घेतोस तरी कसं, असं आपल्या ग्रुपवर विचारलं होतं, म्हणून हा विषय घेतला. मालवाहू जहाजावर आम्ही वीस-बावीस जण असतो. चीफ इंजिनिअर युक्रेनचा, बोसन फिलिपिन्सचा, बाकी काही चिनी, काही आपले. इंग्रजी सगळ्यांनाच येतं, पण प्रत्येकाचं आपापल्या गावचं!

तरी अडतं ते व्याकरणावर नाही, ‘येस सर’वर. त्याचा अर्थ ‘ऐकलं’, ‘कळलं’, की ‘तुम्ही मोठे, मी काय बोलणार’? वर्गात बाई ‘समजलं का?’ विचारायच्या आणि आपण एका सुरात ‘होऽऽ’ म्हणायचो, तसलंच ते. (बाई समोरच बसल्या आहेत, त्यांना तेव्हाही ठाऊक होतं.)

म्हणून सुकाणूच्या हुकमाला नुसतं ‘येस सर’ चालत नाही. अधिकारी म्हणतो, ‘स्टारबोर्ड टेन’. खलाशी तेच शब्द परत म्हणतो, चाक फिरवतो, सुकाणू दहा अंशांवर आलं की पुन्हा सांगतो. दिशा दीडशे अंश असेल तर ‘वन फाइव्ह झीरो’ असे सुटे आकडे बोलायचे, कारण ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. आपल्याकडे एकोणपन्नास-एकोणसाठचा घोळ होतो, तसंच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१मध्ये अशा ठरावीक वाक्यांचा संग्रहच मंजूर केला. त्यात इशारा, प्रश्न, विनंती, जे असेल ते आधी शब्दात सांगून मग वाक्य बोलायची सोय आहे.

पण भाषा एक असली की भागलं, असंही नाही. २७ मार्च १९७७ला टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो जेट आदळली, ५८३ माणसं गेली. धावपट्टीवर धावू लागलेल्या विमानाच्या कॉकपिटमधले तिघेही डच. समोरचं विमान अजून बाजूला झालं नसेल का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टननं ठामपणे ती उडवून लावली. पुन्हा कोणी विचारलं नाही.

माझ्या जहाजावर एक तरुण फिलिपिनो थर्ड ऑफिसर होता. कामात चोख, पण तोंडातून शब्द नाही. त्याला मी ‘कळलं का?’ विचारणं सोडलं. ‘आता काय करणार, ते सांग’ म्हणू लागलो. एका रात्री सिंगापूरच्या सामुद्रधुनीत तो चाचरत म्हणाला, ‘सर, उजवीकडे लहान होडी आहे, रडारवर नीट दिसत नाही.’ ती मी आधीच पाहिली होती. तसं तोडून टाकलं असतं, तर पुढच्या वेळी, मी खरंच पाहिलेली नसताना, तो गप्प राहिला असता. मी त्याचे आभार मानले आणि तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं.

नंतर कॉफी घेताना तो हळूच म्हणाला, ‘सर, घरी वडिलांना असं सांगायची अजून हिंमत होत नाही.’ मी म्हटलं, ‘बाबा रे, माझीही होत नव्हती.’